रोग्याचा सातबारा
सरकारी दवाखान्यांतील सामाईक संगणकीय नोंदींचा जमाखर्च

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, कीड, बाजारभाव आणि गुरांचे रोग यांची चर्चा नेहमीं होते, आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु ज्याच्या हातीं नांगर आहे त्याच्या स्वतःच्या देहासंबंधीं आपण क्वचितच लिहितों. घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला कीं उभें पीक वाऱ्यावर पडतें, आणि दुखण्याचा खर्च हा पुष्कळदां सावकाराच्या उंबऱ्याकडे जाण्याचा पहिला रस्ता ठरतो, हें खेड्यांत राहणारास सांगावयास नको. म्हणून आजच्या लेखासाठीं थोडा निराळा विषय घेतला आहे. सरकारी दवाखान्यांतून रोग्यांच्या नोंदी संगणकावर ठेवून त्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या दवाखान्यास पाहावयास मिळाव्या, अशी व्यवस्था आपल्या देशांत सुरू झाली आहे. तिच्यापासून लाभ काय, तिची किंमत काय, आणि ती किंमत कोणास भरावी लागते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मी वैद्य नाहीं आणि संगणकाचा जाणकारही नाहीं. माझें शिक्षण बेताचें, आणि सारी नोकरी तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. परंतु नोंद म्हणजे काय, ती कशी चुकते, आणि चुकली म्हणजे कोणाचें घर बुडतें, हें मीं तेथें पुष्कळ पाहिलें आहे. जमिनीच्या नोंदी कागदावरून संगणकावर गेल्या त्या कामांत माझाही हात होता. त्या अनुभवाच्या आधारें चार शब्द लिहितों. वाचकांनीं ते पटतील तेवढेच घ्यावे.

घरची गोष्ट

माझ्या थोरल्या वहिनींस पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीं एका रुग्णालयांत त्यांची तपासणी झाली तेव्हां मूत्रपिंडें दुबळीं होत चाललीं आहेत असें निघालें. तेथील डॉक्टरांनीं कागदावर स्पष्ट लिहिलें कीं, यांना अमुक जातीचीं वेदनाशामक औषधें देऊं नयेत. तो कागद इंग्रजींत होता. तो प्लॅस्टिकच्या पिशवींत गेला आणि पिशवी माळ्यावर गेली.

पुढें वहिनींचे गुडघे धरूं लागले. बाजाराच्या दिवशीं त्या तालुक्याच्या दवाखान्यांत जाऊन येत. तेथें दर खेपेस नवा केसपेपर आणि बहुधा नवा डॉक्टर. ‘पूर्वीचा कांहीं आजार?’ असें विचारलें म्हणजे ‘साखर आहे’ एवढेंच त्या सांगत. मूत्रपिंडाचें त्यांना कोणीं नीट समजावलेंच नव्हतें, तेव्हां त्या सांगणार काय? चार-पांच महिने वेदनाशामक गोळ्या चालल्या. मग पाय सुजले, तोंड सुजलें, अन्न जाईना. आज त्यांना आठवड्यांतून दोन वेळां रक्त शुद्ध करून घेण्यासाठीं यंत्रावर झोपावें लागतें. त्या दोन दिवसांपायीं दादांनीं दोन दुभत्या म्हशी विकल्या, कारण धारेच्या वेळीं घरीं कोणी नसतें.

दुखणें मूळचेंच होतें, गोळ्यांनीं तें लवकर ओढून आणलें, असें नंतर डॉक्टरांनीं सांगितलें. यांत मी कोणा एकास दोष देत नाहीं. ज्याच्यापुढें जेवढी माहिती होती तेवढ्यावर त्यानें औषध दिलें. जिल्ह्यास जें ठाऊक होतें तें तालुक्यास ठाऊक नव्हतें, एवढाच काय तो दोष. दोन्ही दवाखाने सरकारीच, आणि मधलें अंतर एसटीनें तासाभराचें! आपल्या गोठ्यांतील गाईच्या कानांत आज १२ आंकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, आणि तिला कोणती लस केव्हां टोंचली तें त्या क्रमांकावर पशुवैद्यास पाहावयास मिळतें. गाईची नोंद आहे आणि तिची धार काढणाऱ्या बाईची नाहीं, ही स्थिति चांगली नव्हे.

व्यवस्था काय आहे

१५ ऑगस्ट २०२० रोजीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा केली. सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रथम प्रयोग झाला, आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नांवानें तें सर्व देशांत लागू झालें. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण हें काम पाहतें. यांत ज्याची इच्छा असेल त्यास १४ आंकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो.

या क्रमांकासंबंधीं दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. पहिला असा कीं, आभा म्हणजेच पांच लाखांच्या उपचाराचें आयुष्मान कार्ड. तसें नाहीं. तें कार्ड विम्याचें आहे, तें पात्र कुटुंबांसच मिळतें. आभा हा केवळ नोंदीचा क्रमांक आहे, त्यानें एक पैचाही उपचार मिळत नाहीं. दुसरा गैरसमज असा कीं, आपले सर्व कागद दिल्लीस एका कपाटांत जाऊन पडतात. तेंही खरें नाहीं. योजनेप्रमाणें नोंद ज्या दवाखान्यांत झाली तेथेंच राहते. दुसऱ्या डॉक्टरास ती पाहावयाची असेल तर तो मागणी करतो. मग रोग्याच्या मोबाईलवर विचारणा येते, आणि रोग्यानें होकार दिला तरच, ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीपुरते त्यास दिसतात. दिलेली संमति परतही घेतां येते.

महसुली भाषेंत सांगावयाचें तर आभा हा सातबारा नव्हे, तो खातें क्रमांक आहे. एखाद्याची जमीन चार गटांत विखुरलेली असली तरी आठ-अच्या उताऱ्यावर ती एका खात्याखालीं दिसते. गट जागचे हालत नाहींत. तसेंच हें आहे. दवाखाने चार, कागद चार ठिकाणीं, खातें मात्र एक.

जमेची बाजू

पहिला लाभ वहिनींच्या गोष्टींत आलाच आहे. कोणतें औषध सोसत नाहीं, कोणता अवयव दुबळा आहे, एवढी एक ओळ वेळेवर समोर आली तरी माणूस वांचतो. बेशुद्ध होऊन आलेला रोगी, एकटें आलेलें म्हातारें माणूस, सर्पदंशानें घाबरून गेलेला मजूर, यांच्या तोंडून इतिहास निघत नाहीं. तेथें नोंदच बोलते.

दुसरा लाभ फिरत्या लोकांचा. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरसाल लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात आणि वर्षांतले पांच-सहा महिने कोप्यांवर राहतात. गरोदर बाईची पहिली तपासणी गांवीं, दुसरी कारखान्याच्या पट्ट्यांत, आणि बाळंतपण कोठें होईल त्याचा नेम नाहीं. लेंकराच्या लसींचा हिशेब तर आईच्या आठवणीवरच चालतो. २०२१ सालीं करोनाच्या लशीची नोंद सर्व देशांत एकाच पद्धतीनें झाली, तेव्हां पहिला डोस एका जिल्ह्यांत आणि दुसरा दुसऱ्या जिल्ह्यांत घेतां आला, हें आपण सर्वांनीं पाहिलें. मग इतर लसींचें आणि बाळंतपणाचें तसें कां होऊं नये?

तिसरा लाभ लांबणाऱ्या आजारांचा. क्षयाचें औषध साध्या रोग्यासही सहा महिने घ्यावें लागतें, आणि मध्येंच सोडलें तर रोग औषधास दाद देईनासा होतो. क्षयरोग्यांसाठीं ‘निक्षय’ ही संगणकीय नोंद २०१२ पासून आहे. रोगी गांव सोडून गेला तरी त्याचें औषध त्याच्या मागें जावें, हा तिचा एक मोठा उपयोग.

चौथा लाभ पैशांचा. दर नव्या दवाखान्यांत तेंच रक्त, तेंच लघवीचें परीक्षण, तोच फोटो. सरकारी दवाखान्यांत तपासणी स्वस्त किंवा फुकट असली तरी रोग्याची बुडालेली मजुरी आणि एसटीचें भाडें फुकट नसतें.

पांचवा लाभ साऱ्या गांवाचा आहे, आणि शेतकऱ्यांनीं त्याकडे विशेष लक्ष द्यावें. २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों दवाखान्यांत पडले. एका डॉक्टरापुढें असा एक रोगी आला तर त्यास तो अपघात वाटतो. परंतु दहा दवाखान्यांतील दहा रोगी एकाच पानावर दिसले, तर त्या औषधाची किंवा त्या फवारणीची चौकशी दहाव्या रोग्याबरोबरच सुरू होऊं शकते. शंभराव्याची वाट पाहावी लागत नाहीं.

खर्चाची बाजू

आतां दुसरें पान. पहिला खर्च वेळेचा, आणि तो बहुतेक परिचारिकेच्या व आशाताईंच्या माथीं पडतो. उपकेंद्रांतील ताईस आज गरोदर मातांची नोंद एका ठिकाणीं, क्षयाची दुसऱ्या, लसींची तिसऱ्या, रक्तदाब-मधुमेहाची चवथ्या ठिकाणीं भरावी लागते, आणि कागदी रजिस्टर सुटलेलें नसतें तें निराळेंच. म्हणजे संगणक आल्यानें लिहिणें कमी न होतां दुप्पट झालें. हें दुखणें केवळ आपल्याकडचें नव्हे. अमेरिकेंत २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसलें कीं, डॉक्टर रोग्यासमोर एक तास घालवितो तेव्हां त्याचे जवळजवळ दोन तास संगणकावरील नोंदींत आणि मेजावरच्या कामांत जातात. नोंदीचा लाभ उद्यां दुसऱ्या दवाखान्यांतील रोग्यास होतो, कष्ट मात्र आज या दवाखान्यांतील बाईस पडतात. जेथें कष्ट एकाचे आणि फळ दुसऱ्याचें, तेथें काम कसेंबसें उरकलें जातें. वाट्यानें शेत लावणारास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

दुसरा खर्च पैशांचा. इंग्लंडांत २००२ सालीं सर्व सरकारी रुग्णालयांच्या नोंदी एका साच्यांत आणण्याचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला गेला. तो वरून खालीं लादला गेला. डॉक्टरांस काय हवें तें पुरेसें विचारलें गेलें नाहीं, आणि २०११ सालीं तो मोडीत काढण्याचें जाहीर करावें लागलें. त्याचा एकूण खर्च सुमारें ९८० कोटी पौंडांवर गेल्याचें तेथील संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालांत नमूद आहे. सगळेंच पाण्यांत गेलें असें नव्हे, क्ष-किरण चित्रें पाठविण्याची सोय वगैरे कांहीं भाग टिकले. परंतु विहिरीस पाणी आहे कीं नाहीं हें न पाहतां साऱ्या गांवास एकदम पाट बांधूं नये, हा धडा महाग मिळाला.

तिसरा खर्च अडून राहण्याचा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला, आणि देशांतील त्या पहिल्या प्रतीच्या रुग्णालयांत सुमारें दोन आठवडे बरेंचसें काम हातानें, कागदावर करावें लागलें. त्यापूर्वीं मे २०१७ मध्यें अशाच हल्ल्याची झळ इंग्लंडांतील सुमारें एक तृतीयांश सरकारी रुग्णालय-संस्थांस लागली, आणि हजारों रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. आपल्याकडे तर हल्ल्याचीही गरज नाहीं. वळवाचा पाऊस आणि तुटलेली तार एवढेंच पुरे होतें.

चौथा खर्च अब्रूचा, आणि तो सर्वांत भारी. फिनलंड देशांत मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या ‘वास्तामो’ या संस्थेच्या नोंदी चोरीस गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्यें चोरानें त्या रोग्यांस एकेकट्यास गांठून पैसे मागितले, न दिल्यास तुमच्या मनांतलें सर्व जगजाहीर करीन अशी धमकी दिली. हजारों माणसें त्यांत सांपडलीं. कागदाची चोरी करावयाची तर चोरास गाडी जुंपावी लागते. संगणकावरील साऱ्या जिल्ह्याचे कागद मुठींत मावतात.

सातबाऱ्यापासून धडा

मग ही व्यवस्था नको म्हणावयाची काय? वहिनींकडे पाहून मी तसें म्हणूं शकत नाहीं. परंतु नोंद संगणकावर गेली म्हणजे ती आपोआप खरी होते, या भ्रमांत मात्र कोणी राहूं नये.

सातबारा संगणकावर चढविला तेव्हां काय झालें? हातानें लिहिलेल्या उताऱ्यांत जेवढ्या चुका होत्या तेवढ्या सगळ्या संगणकावर गेल्या, आणि चढवितांना आणखी नव्या पडल्या. कोठें बहिणीचें नांव गळलें, कोठें क्षेत्राचा मेळ बसेना, कोठें फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला. कागदावर चूक होती तेव्हां ती एका दप्तरांत होती. संगणकावर गेल्यावर ती बँकेस, सोसायटीस आणि रजिस्ट्रारच्या कचेरीस एकदम दिसूं लागली. नोंद सामाईक झाली म्हणजे चूकही सामाईक होते, हें मी तेव्हां शिकलों.

पण महसूल खात्यापाशीं त्यावर उपाय होता. २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचन झालें. उतारे खातेदारांस वाचून दाखविले, हरकती घेतल्या, दुरुस्त्या केल्या, आणि त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा लोकांच्या हातीं पडूं लागला. आजही कोणतीही नोंद बदलावयाची तर तिचा फेरफार होतो. तलाठी, म्हणजे आतांचे ग्राम महसूल अधिकारी, तो लिहितात, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस मुदत मिळते, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. लेखनांतील चुकीसाठीं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें १५५ वें कलम आहे. आणि जुनें नांव कोणी खोडून टाकीत नाहीं. त्यास कंस होतो, बाजूस फेरफाराचा क्रमांक पडतो, म्हणजे कोणीं, केव्हां, कशावरून बदल केला तें नातवासही वाचतां येतें.

रोग्याच्या नोंदीस अशी फेरफाराची वाट अजून कोणीं दाखविलेली नाहीं. ती नसली म्हणजे काय होतें, याचा अनुभव मजवरच गुदरला.

माझ्याच नांवाची गोष्ट

आमच्या भाऊबंदकींत माझ्याच नांवाचे, माझ्याच आडनांवाचे आणखी एक गृहस्थ आहेत. वडिलांचें नांवही एकच. आमच्याकडे आजोबांचीं नांवें ठेवण्याची चाल असल्यानें असें होतें. दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं माझ्या मोबाईलवर संदेश आला कीं, आपल्या थुंकीच्या तपासणीचा अहवाल तयार आहे. मी तर कोठें थुंकी दिली नव्हती. चौकशी करतां कळलें कीं, एका दवाखान्यांत त्या गृहस्थांची नोंद माझ्या नांवावर चढली होती. त्यांना क्षय निघाला होता.

ही गोष्ट मीं त्यांना एकांतांत सांगितली. त्यांच्या मुलीचें लग्न त्या वेळीं जुळत आलें होतें. क्षय हा औषधानें बरा होणारा रोग आहे, तरी सोयरिकींत त्याचें नांव निघालें कीं माणसें उठून जातात. तो संदेश माझ्याऐवजीं एखाद्या बोलक्या माणसाच्या हातीं पडता, किंवा माझ्या घरच्या पोरासोरांनीं वाचून बाहेर सांगितला असता, तर एका मुलीचें लग्न एका कारकुनी चुकीनें मोडलें असतें. शिवाय औषधासंबंधीं पुढचे संदेश मला येत राहिले असते आणि रोगी तिकडे औषधावांचून राहिला असता, ही त्याहून मोठी आपत्ति.

दुरुस्तीसाठीं मी तीन वेळां त्या दवाखान्यांत गेलों. तेथील माणसें सौजन्यानें वागलीं, परंतु चुकलेली नोंद काढून योग्य खात्यावर घालण्याचा अधिकार कोणाचा, हें त्यांच्यापैकीं कोणासच ठाऊक नव्हतें. एकानें वरिष्ठांकडे बोट दाखविलें, दुसऱ्यानें संगणकाच्या ठेकेदाराकडे. तहसील कचेरींत अर्जास निदान आवक क्रमांक तरी पडतो! अखेर एका परिचारिका ताईंनीं खटपट करून तें काम केलें. कोणत्या नियमानें केलें तें त्यांनाही सांगतां आलें नाहीं.

जमिनीच्या आणि देहाच्या नोंदींत दोन ठिकाणीं मात्र मोठा फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. जमीन महसूल संहितेच्या १५७ व्या कलमाप्रमाणें, विरुद्ध पुरावा येईपर्यंत हक्कनोंद खरी धरली जाते. जमीन जागची हालत नाहीं, म्हणून तें ठीक. देह रोज बदलतो. तेव्हां संगणकावर लिहिलें आहे म्हणून डॉक्टरानें रोग्यास विचारणें सोडूं नये. नोंद ही प्रश्न विचारण्यासाठीं असावी, प्रश्न बंद करण्यासाठीं नसावी. दुसरा फरक असा कीं, सातबारा चावडीवर मोठ्यानें वाचण्यांतच त्याची शुद्धता आहे. रोग्याची नोंद मात्र त्याच्या एकट्याच्या कानांत, त्याच्या भाषेंत वाचली गेली पाहिजे. वाचन दोहोंकडे हवें. एक चावडीवर, दुसरें खाटेशेजारीं.

अंगठा आणि आंकडा

संमतीवांचून नोंद दिसत नाहीं, असें वर लिहिलें. पण संमति म्हणजे काय, हें दवाखान्याच्या रांगेंत उभें राहून पाहावें. खिडकींतला माणूस म्हणतो, ‘आजोबा, मोबाईलवर आंकडा आला असेल तो सांगा.’ आजोबा मोबाईल शेजाऱ्याच्या हातीं देतात, शेजारी आंकडा वाचतो, झाली संमति! कशास दिली, किती दिवसांची दिली, कोणास ठाऊक?

कोऱ्या कागदावर अंगठा देऊं नये, हें आपल्या वाडवडिलांनीं जमिनी गमावून शिकलेलें शहाणपण आहे. मोबाईलवर येणारा तो आंकडा हाही अंगठाच आहे. फरक एवढाच कीं बोटास शाई लागत नाहीं, म्हणून आपल्याला तो अंगठा वाटत नाहीं. ज्या घरांत पांच माणसांत मोबाईल एकच आहे, आणि तो बहुधा मुलाच्या खिशांत, तेथें सुनेच्या बाळंतपणाची आणि सासूच्या दुखण्याची संमति कोण देतो, याचाही विचार व्हावयास हवा.

एस्टोनिया नांवाचा युरोपांत एक लहान देश आहे, वस्ती सुमारें तेरा-चौदा लाख. तेथें २००८ पासून सर्व देशाची सामाईक आरोग्यनोंद आहे. आपली नोंद कोणीं आणि केव्हां उघडून पाहिली, हें तेथील नागरिकास घरबसल्या दिसतें, आणि एखादी नोंद इतरांस न दिसेल अशी बंदही करतां येते. माझ्या मतें विश्वासाचें मूळ येथें आहे. कुलूप किती मजबूत आहे हें सामान्य माणसास कळत नाहीं, परंतु दारांतून कोण आंत गेलें हें दिसलें तर तो निश्चिंत झोपतो.

आपल्याकडेही कायदा अगदींच नाहीं असें नव्हे. डॉक्टरांच्या आचारासंबंधीं २००२ चे जे नियम आहेत, त्यांप्रमाणें दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षें ठेवणें, आणि रोग्यानें मागितल्यास ७२ तासांत देणें डॉक्टरावर बंधनकारक आहे. २०२३ सालीं संसदेनें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि ते टप्प्याटप्प्यानें अंमलांत यावयाचे आहेत. आपली माहिती पाहण्याचा आणि चुकलेली दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्या कायद्यांत लिहिला आहे. परंतु कलम पुस्तकांत असणें निराळें आणि अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा हें ठाऊक असणें निराळें.

काय करावें

केवळ सरकारास सूचना करून थांबणें योग्य नव्हे. प्रथम आपण स्वतः काय करावें तें सांगतों.

एक, घरांतील प्रत्येकाची एक साधी वही करावी. पहिल्या पानावर नांव, जन्मवर्ष, रक्तगट, कायमचे आजार आणि न सोसणारें औषध हीं मराठींत, मोठ्या अक्षरांत लिहावीं. दवाखान्यांत जातांना वही बरोबर न्यावी. वीज गेली तरी वही वाचतां येते.

दोन, डॉक्टरानें इंग्रजींत लिहिलेला कागद हातीं पडला कीं तेथेंच विचारावें, ‘यांत मीं काय करूं नये असें लिहिलें आहे?’ आमच्या घरीं हा एक प्रश्न कोणीं विचारला असता, तर दादांच्या गोठ्यांत म्हशी असत्या.

तीन, आभा क्रमांक काढतांना नांव, वडिलांचें नांव, जन्मतारीख आणि मोबाईल क्रमांक स्वतः तपासावा. एक नांवाचीं दोन माणसें ज्या भावकींत आहेत त्यांनीं तर दोनदां तपासावा. आलेला आंकडा सांगण्यापूर्वीं तो कशासाठीं आहे तें विचारावें. विचारणें हा उद्धटपणा नव्हे.

चार, आशाताई किंवा परिचारिका नोंदीसाठीं घरीं आल्या तर त्यांस नीट माहिती द्यावी आणि त्यांच्या कष्टांची जाणीव ठेवावी. त्यांची लेखणी थकली कीं आपली नोंद चुकते.

आतां सरकारास. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यांत नोंददुरुस्तीचा अधिकारी नेमून त्याचें नांव भिंतीवर लावावें, अर्जास पोंच द्यावी, मुदत ठरवावी. जुनी नोंद खोडूं नये, तिला कंस करावा. कोणीं नोंद पाहिली त्याची यादी रोग्यास मराठींत मिळावी. संगणकावर नोंद झाली कीं तीच माहिती भरण्याचें कागदी रजिस्टर बंद करून ताईंचे हात मोकळे करावे. आणि मोबाईल नसलेल्या रोग्यास कागदावर, वाचून दाखवून, संमति देण्याची सोय असावी. प्रत्येक गांवांत ग्राम आरोग्य समिति आहे, मोठ्या दवाखान्यांस रुग्ण कल्याण समित्या आहेत. आपल्या मंडळाच्या सभासदांनीं त्यांच्या बैठकींत ह्या पांच मागण्या मांडाव्या, अशी माझी विनंति आहे.

सामाईक नोंद ही सामाईक विहिरीसारखी आहे. तिच्यामुळें चार शेतें भिजतात, आणि तिच्यांत घाण पडली तर चार घरें आजारी पडतात. म्हणून शहाणा शेतकरी विहीर बुजवीत नाहीं, तो तिला कठडा बांधतो आणि पाळी ठरवितो. वहिनींच्या बाबतींत ही विहीर उशिरां खणली गेली. पुढच्या घराच्या बाबतींत ती वेळेवर खणली जावी, आणि कठड्यासह खणली जावी, एवढी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करितों.